प्रिय भुऱ्या, उपाशीपोटी यावे

नाममात्र हे त्याचं खरं नाव नव्हतं, आणि तोंडावर त्याला तसं कोणी म्हणतही नसे. समोर असला की 'सर', पाठ वळली की 'नाममात्र'. टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर एक छोटी कंपनी होती. दुपारी ऊन तापलं की खालच्या रबराचा वास जिना चढून थेट तिच्या दारापर्यंत यायचा. ही कंपनी जनावरांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची, आणि हा तिथला सगळ्यात जुना प्रोग्रॅमर. जुना म्हणजे अनुभवी, असा त्याचा समज. जुना म्हणजे जुना, असा बाकीच्यांचा.

कधीकाळी तो खरोखर कोड लिहायचा. पुढे पुढे लिहिणं आटलं आणि नावं बदलणं सुरू झालं. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम उघडायचा, नाकाला रुमाल लावल्यासारखा चेहरा करायचा आणि म्हणायचं, "याला कोणी नाव दिलंय हे?" मग दिवसभर बसून तो ती नावं बदलायचा. संध्याकाळी प्रोग्रॅम सकाळी करायचा तेच काम करत असे, आणि नाममात्र दमून घरी जात असे.

याचं मूळ लहानपणात होतं म्हणतात. सगळ्यात धाकट्या मामाने त्याचं नाव 'ढब्बू' ठेवलं, ते शाळेत पोचलं, शाळेतून कॉलेजात गेलं, आणि लग्नात स्टेजवर चढून एका चुलत भावाने माइकवर सांगितलं. तेव्हापासून जगात प्रत्येक गोष्टीला तिचं रास्त नाव मिळालं पाहिजे, हा त्याचा ध्यास. बायकोच्या फोनमधली सगळी नावंसुद्धा त्याने एका रविवारी शिस्तीत लावून दिली. तिची सहनशक्ती दांडगी, कारण ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. नवशिक्यांच्या शेजारी बसून पोट भरणारी बाई. फोन वाजला आणि पडद्यावर 'नातेवाईक, माहेर, स्त्री, ज्येष्ठ' असं आलं, तेव्हा ती म्हणाली, "ही माझी आई आहे."

"तेच लिहिलंय."

"नाही. तू पोलिसात वर्णन दिल्यासारखं लिहिलंयस."

तर अशा या माणसाच्या हाती एक दिवस कंपनीचा मुख्य प्रोग्रॅम आला. मालकाला नवं गिऱ्हाईक मिळवायचं होतं आणि त्या गिऱ्हाइकाचा तंत्रज्ञ कोड उघडून बघणार होता. मालक चांगला गोड बोलायचा. प्रोग्रॅमिंगमधलं त्याला काही कळत नसे, पण काही कळत नाही हे समोरच्याला कळू न देणं यात त्याचा हात कोणी धरला नसता. तो म्हणाला, "सर, जरा स्वच्छ दिसलं पाहिजे. नावंबिवं नीट करून घ्या." एखाद्या मांजराला दुधावर नजर ठेवायला सांगावं, तसं ते झालं.

काम काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं लक्षात येईल. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमच्या भाषेत माहिती ठेवतात ती ऑब्जेक्टमध्ये. ऑब्जेक्ट म्हणजे खणांचं कपाट समजा. प्रत्येक खणावर एक चिठ्ठी, ती 'की'. खणात वस्तू, ती तिची किंमत. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक जनावराचं असं एक कपाट होतं. चिठ्ठ्या होत्या ओनरनेम, ओनरफोन, पेटनेम, पेटवेट, पेटएज, डेड, वगैरे. जनावराच्या मालकाचं नाव, त्याचा फोन, जनावराचं नाव, वजन, वय, आणि ते मेलं असेल तर तसं. आता गंमत अशी, की एकदा लावलेली चिठ्ठी खोडून तिच्यावर दुसरं लिहायची सोय या भाषेत नाही. नवी चिठ्ठी लावून नवा खण करायचा, जुन्यातली वस्तू त्यात ठेवायची आणि जुना खण काढून टाकायचा. एका कपाटाला हे हाताने होतं. हजारो कपाटांना लूप लावावा लागतो, म्हणजे प्रोग्रॅमलाच सांगायचं, एकेक कपाट घे, त्यातला एकेक खण बघ, आणि हे कर.

नाममात्राला त्या चिठ्ठ्यांमध्ये फापटपसारा दिसला. "ओनरफोन कशाला? फोन म्हणा. कुत्र्याला फोन असतो का?" हे त्याचं म्हणणं खरं होतं. "पेटवेट कशाला? वेट म्हणा. मालकाचं वजन आपण घेतो का?" हेही खरं. म्हणून त्याने असा लूप लिहिला, की प्रत्येक चिठ्ठीच्या सुरुवातीचं 'ओनर' किंवा 'पेट' छाटायचं आणि उरेल ते नवं नाव. सुटसुटीत. त्याला स्वतःलाच त्या लूपचं इतकं कौतुक वाटलं, की खुर्ची मागे सरकवून त्याने तो लांबूनही पाहून घेतला.

कंपनीत चाचण्या करणारी एक मुलगी होती. काम चोख, जीभ त्याहून चोख. ती उभ्या उभ्या पडद्याकडे बघून म्हणाली, "सर, ओनरनेमचं नेम होणार. पेटनेमचंही नेमच होणार."

"मग?"

"मग एका नावाचे दोन खण राहत नाहीत. दुसरं आलं की पहिलं जातं."

नाममात्राने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मोठे डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात. "तू नवीन आहेस," तो म्हणाला. ती नवीन नव्हती. "मी एक कपाट चालवून बघितलंय. नेम म्हणून भुऱ्या आलं. भुऱ्या हे नाव आहे की नाही?"

"आहे. पण कोणाचं?"

"तू जेवून ये."

आणि ती जेवायला गेली. हे तिने पुढे कधी कोणाला सांगितलं नाही, पण जाताना चाचणीच्या यादीत 'झाली' अशी खूणही करून गेली. या माणसाशी डोकं लावून लावून ती कंटाळली होती, आणि कधीतरी याने तोंडावर पडावं अशी तिची मनापासून इच्छा होती. गिऱ्हाइकांचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही, तो आला आणि डबा उघडेपर्यंत गेला.

लूप चालवायच्या आधी नाममात्राने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे सगळ्या दवाखान्यांच्या माहितीच्या जुन्या प्रती काढून ठेवल्या. इतपत तो जबाबदार होता. फक्त त्या प्रतींची नावं त्याला आवडली नाहीत. प्रत्येकीच्या पुढे दवाखान्याचं लांबलचक नाव. तेही फापटपसाराच, म्हणून तेही छाटलं आणि उरलं 'जुने'. आता सगळ्याच प्रतींचं नाव 'जुने' म्हटल्यावर काय झालं असेल ते सांगायला नको. एकीने दुसरीला गिळलं, दुसरीला तिसरीने, आणि शेवटी एकच उरली. दुसरी गोष्ट म्हणजे अगदी शेवटच्या क्षणी त्याची नजर 'डेड' या चिठ्ठीवर पडली. हे त्याच्या जिवाला लागलं. एवढी वर्षं लोकांच्या लाडक्या जनावरांसाठी आपण हा धसमुसळा शब्द वापरतोय? त्याने त्याच्या जागी 'डिपार्टेड' लिहिलं. लोकांना लसीचे, तपासणीचे निरोप पाठवणारा जो प्रोग्रॅम होता, तो निरोप पाठवण्याआधी 'डेड'चा खण बघायचा. त्याला हे कळवायचं राहून गेलं. खण सापडला नाही की तो प्रोग्रॅम समजायचा, जनावर जिवंत आहे.

लूप चालला. कुठे अडखळला नाही. नाममात्राने मालकाला कळवलं, "झालं. आता नाव ठेवायला जागा नाही."

दुसऱ्या दिवशी निरोप गेले.

त्या निरोपांचा मजकूर कंपनीच्या मालकानेच लिहिला होता आणि पैसे अक्षरांवर लागत असल्याने कर्ता गाळून टाकला होता. 'प्रिय' म्हणून पुढे माणसाचं नाव आलं, की उरलेलं जनावराबद्दल आहे हे लोक समजून घेत. आता माणसाचं नाव गेलं होतं. एका निवृत्त न्यायाधीशांना निरोप आला, "प्रिय भुऱ्या, खच्चीकरणासाठी उद्या सकाळी उपाशीपोटी यावे. नंतर आठवडाभर उड्या मारू नयेत." न्यायाधीशांनी तो चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि वकिलाला फोन लावला. एका किराणा दुकानदाराच्या बायकोला आला, "प्रिय शेठ, वजन फार वाढले आहे. खाणे निम्मे करावे." शेठ त्यांचा बोका. पण गल्लीत सगळे तिच्या नवऱ्यालाही शेठच म्हणत, आणि फोन नेमका त्याच्या हातात होता. बायको आपल्या पोटाबद्दल बाहेर डॉक्टरांशी बोलते, हे कळल्यावर तो दोन वेळा जेवला नाही आणि तिसऱ्या वेळी दुप्पट जेवला.

दुपारपर्यंत कंपनीतल्या फोनला उसंत नव्हती. नाममात्र आधी म्हणाला की नेटवर्कचा दोष असेल. मग म्हणाला, निरोपाचा प्रोग्रॅम ज्याने लिहिला त्याचा असेल. तो माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला होता, त्यामुळे सोयीचा होता. मग चाचणीवालीने त्याच्यासमोर एक कपाट उघडून दाखवलं. नेम, भुऱ्या. फोन, न्यायाधीशांचा. न्यायाधीश कुठेच नव्हते.

"जुनी प्रत लाव," तो म्हणाला, आणि त्याच वेळी त्याला आठवलं की प्रतींची नावं आपण काय ठेवली. त्याचा चेहरा असा झाला, की तिची खुशी तिथल्या तिथे मावळली. यादीतली आपली 'झाली'ची खूण तिलाही आठवली.

बहुतेक दवाखान्यांचं निभावलं. त्यांच्याकडे कागदाची कार्डं होती, त्यावरून नावं पुन्हा भरून घेतली. अडकला तो एकच दवाखाना, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंकडे कागदाचा कपटा नव्हता. का, तर कंपनीच्या मालकानेच त्यांच्या टेबलाशी बसून सांगितलं होतं, की मॅडम, आता कागद जाळून टाका, आमचं सॉफ्टवेअर आहे ना. बाईंनी जाळले नाहीत, रद्दीत घातले. परिणाम तोच.

बाई कंपनीत आल्या. अंगात कामाचा कोट तसाच, त्यावर कुठल्यातरी पांढऱ्या मांजराचे केस. मालकाने गोड बोलायला तोंड उघडलं, तर बाई म्हणाल्या, "तुम्ही बसा. ज्याने केलं तो कोण?"

नाममात्र उभा राहिला. पाचावर धारण बसली होती, पण उभा राहिला. एवढं त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

"फोन नंबर शिल्लक आहेत ना?"

"आहेत."

"मग एकेकाला फोन करा आणि नावं विचारून घ्या. दुसऱ्या कोणाला बसवायचं नाही. तुम्हीच करायचे."

तो म्हणाला, "बाई, हे काम लूप लावून—" आणि बाईंनी असं बघितलं, की पुढचे शब्द त्याने गिळले.

कोपऱ्यातल्या टेबलावर त्याची स्थापना झाली. पहिल्याच फोनला त्याची भंबेरी उडाली.

"नमस्कार. मी दवाखान्याकडून बोलतोय. आपलं नाव कळेल का?"

"फोन तुम्ही केलाय. कोणाला केलाय?"

"तेच विचारतोय."

"म्हणजे?"

"आमच्याकडे आपला नंबर आहे, पत्ता आहे, वजन आहे—"

"माझं वजन?"

"आपलं नाही. काजूचं. काजूचं नावही आहे. आपलं तेवढं नाहीये."

पलीकडून फोन आपटला गेला. पुढच्याने त्याला भामटा ठरवून, बँकेचा आकडाही हवाय का, असं विचारलं. एका बाईने नाव सांगितलं, पण आधी कुत्र्याच्या खाजेबद्दल सविस्तर सांगितलं आणि औषध विचारलं. एकाने त्याचंच नाव विचारलं, वरिष्ठांचं विचारलं, आणि स्वतःचं सांगायला ठाम नकार दिला. न्यायाधीशांनी मात्र नाव सांगितलं, अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं, आणि ते नोंदवून घेतल्याचं लेखी मागितलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावांना नाकं मुरडणारा माणूस आता कोणी सांगेल ते नाव, सांगेल तसं, मुकाट्याने टाइप करत होता. पलीकडच्या टेबलांवर सगळे मान खाली घालून काम करत होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

एका फोनवर म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला. त्याने पाठ झालेलं वाक्य म्हटलं.

"ढगूबद्दल का?" त्या म्हणाल्या.

"हो. ढगू. आपलं नाव हवं होतं."

"परवा निरोप आला तुमचा. प्रिय ढगू, लसीसाठी यावे." त्या थांबल्या. "तो गेला हो. तुमच्या डॉक्टरीणबाईंनीच शेवटची सुई दिली. मी त्याला मांडीवर घेऊन बसले होते."

नाममात्राच्या समोर कपाट उघडंच होतं. त्यात तो खण होता, आणि खणात 'हो' होतं. "आहे, लिहिलंय इथे तसं," तो म्हणाला.

"काय लिहिलंय?"

"डिपार्टेड."

"म्हणजे काय? गाडी सुटल्यासारखं?"

त्याने पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"मेला असं लिहा," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. बाई पूर्वी बहुधा शाळेत शिकवत असाव्यात, वहीतली चूक दाखवावी तसं म्हणाल्या. "मेला असं लिहा, म्हणजे सगळ्यांना कळेल. निरोप वाचून मी उठले आणि पट्टा शोधायला लागले. मग आठवलं. माझं वय झालंय, मला असले निरोप पाठवू नका."

मग त्यांनी नाव सांगितलं. त्याने लिहून घेतलं, वाचून दाखवलं, फोन ठेवला. पुढचा फोन लावला नाही.

उठून तो चाचणीवालीच्या टेबलापाशी गेला. "ते डिपार्टेड काढ," तो म्हणाला. "परत डेड कर. सगळीकडे. आणि निरोपाचा प्रोग्रॅम तपास, त्याला ते सापडत नाहीये."

तिने मान वर केली. "का? डिपार्टेड तर तुम्हीच—"

"लांब आहे ते," तो म्हणाला. "अक्षरं जास्त होतात."

त्याच दुपारी तिने ते केलं, आणि या वेळी चाचणी खरोखर केली.

घरी बायकोने विचारलं, कसं चाललंय. तो म्हणाला की लोकांना आपली नावं नीट सांगता येत नाहीत. तिने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला. "माझ्याकडे एक शिकाऊ आहे," ती म्हणाली. "भिंतीला धडकला, खाली उतरला आणि म्हणाला, भिंत सरळ नाहीये." नाममात्राने विचारलं की मग, होती का सरळ. ती उठून आत निघून गेली. पण त्याच संध्याकाळी त्याने तिचा फोन मागून घेतला, आणि सकाळी तिच्या आईचा फोन आला तेव्हा पडद्यावर 'आई' होतं.

आता याला काढतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण मालक हिशेबी. काढलं, तर चूक झाली होती असं नव्या गिऱ्हाइकाला सांगितल्यासारखं व्हायचं. त्याने नाममात्राला केबिनमध्ये बोलावलं आणि पदोन्नती दिली. नव्या पदाचं नाव एवढं भारदस्त होतं, की दारावरच्या पाटीवर ते दोन ओळींत बसवावं लागलं. सोबत एक अट होती, की त्याचा पासवर्ड परत घेतला जाईल. एवढ्या वरच्या माणसाने कोडला हात लावायचा नसतो, असं मालकाने समजावलं. नाममात्राला ते पटलं. पेढे वाटल्यासारख्या चेहऱ्याने तो बाहेर आला. चाचणीवालीला त्याची जागा मिळाली, पगार मात्र तिचा जुनाच राहिला.

आता करायचं काय? कंपनीत बदलण्यासारखी नावं उरली नव्हती, निदान त्याच्या हाताला लागतील अशी. तेव्हा त्याने खोल्यांकडे मोर्चा वळवला. बैठकीची खोली 'मंथन' झाली. जेवणाची 'तृप्ती'. जिन्याखालची अडगळ 'संचय'. संडासावर त्याने बराच विचार केला आणि पितळी पाटी लावली, 'मोकळीक'.

पहिल्याच आठवड्यात नव्या गिऱ्हाइकाचा तंत्रज्ञ आला. मालक फोनवर होता, त्याने हातानेच खूण केली की आत जाऊन बसा. तंत्रज्ञाने पाट्या वाचल्या. त्याला मोकळेपणाने बोलायचं होतं, म्हणून तो 'मोकळीक'मध्ये जाऊन मालकाची वाट बघत बसला. बराच वेळ तो परत आला नाही, आणि आला तेव्हा करार करायच्या मनःस्थितीत नव्हता.

चाचणीवालीने कोऱ्या कागदावर 'संडास' असं ठळक लिहिलं आणि पितळी पाटीवर चिकटवलं. नाममात्राने ते काढलं. तिने दुसऱ्या दिवशी नवं लावलं. त्याने तेही काढलं. असं बरेच दिवस चाललं. ती येताना लावायची, तो जाताना काढायचा, आणि त्या दारावर चिकटपट्टीचे पापुद्रे साचत गेले.

मग एक दिवस घाईघाईत तिने लावलेला कागद तिरका लागला. नाममात्र संध्याकाळी दारासमोर येऊन उभा राहिला. नखाने एक कोपरा सोडवला. कागद थोडा वर घेतला, पाटीच्या कडेला समांतर केला, अंगठ्याने चारही बाजूंनी दाबला, आणि दिवा बंद करून घरी गेला.